निळ्या कॅसेटमधलं शेवटचं गाणं

बाबाराव हसला. गालातल्या गालात नव्हे, तोंड दाबून नव्हे. पोटातून उसळून, मान मागे टाकून, शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर थाप मारून हसला. आदिलाबादच्या त्या जुन्या टाकीजमधली सगळी बाकडी हसत होती. दुसऱ्या शनिवारचा दुपारचा खेळ, पंखे नुसते नावाला, बिडीच्या धुराचा थर पडद्याच्या उजेडात लोंबकळत होता. पडद्यावर हिरो पांढऱ्या चादरीखाली आडवा. नको असलेली सोयरीक टाळायला त्यानं मेल्याचं सोंग घेतलेलं, उशाला केस सोडून बसलेली हिरॉईन खोटं खोटं रडणार, आणि दारात उभा असलेला तो ढेरपोट्या भावी सासरा फसणार. बाबाराव हे सगळं बघत नव्हताच. तो ज्या गाण्यासाठी आला होता त्याची वाट बघत होता. बासरीचा पहिला सूर आला तसा तो ताठ झाला, शर्टाचं वरचं बटण लावलं, मांडीवरची मांडी काढली. हिरॉईननं पहिली ओळ म्हटली. ओळ संपली आणि चाल थांबली, कॅसेटवर थांबायची तशीच, श्वास अडकावा तशी. त्या थांब्यात चादरीतून हिरोच्या पायाचा अंगठा बाहेर आला, एकदा डावीकडे वळला, एकदा उजवीकडे, आणि ढोलकीच्या थापेबरोबर टुणकन उडाला. मागून कोणीतरी ओरडलं, “अरे मुर्दे, अंगूठा संभाल!” पडद्यावर चिल्लर उधळली गेली. आणि बाबाराव हसला. कळायच्या आधी हसला. दुसऱ्या ओळीनंतर अंगठा पुन्हा आला तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं, पण आतून आवाज येणं बंद झालं होतं.

तो उठला. पाय तुडवत, शिव्या खात, बाहेर आला. दारावरचा माणूस म्हणाला, “क्या भाई, अभी तो इंटरवल भी नहीं हुआ.” बाबारावानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो माणूस बाजूला सरकला. बाहेर ऊन कडक होतं. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग रस्ता अडवून उभी, तारेला, झाडाला, गटाराच्या काठाला कापसाचे पुंजके लटकलेले. हसल्याचा ताण त्याच्या बरगडीत अजून होता. शरीर किती नालायक असतं! वर्षभर ज्या माणसाला धड झोप नाही, घास गिळवत नाही, त्याच्या पोटात एवढं हसू कुठं दडून बसलं होतं? आणि उद्या रविवार होता. उद्या त्याच्या बायकोला, पंचफुलाला, जाऊन वर्ष होणार होतं. फोटोला हार, त्रिसरण, पंचशील, आणि मग त्याच्या गायन पार्टीनं तेच गाणं म्हणायचं होतं, जे म्हणावं म्हणून सासू द्वारकाबाई मुधोळहून एसटीचे धक्के खात कालच येऊन बसली होती. तेच. अंगठ्याचं.

दोन आठवडे पिक्चर लागला होता, म्हणजे सगळ्या वस्तीनं पाहिला होता. आता त्याला एकेक गोष्ट उलगडत गेली. नळावर बायका त्याच्या गाण्याची ओळ गुणगुणायच्या, त्या तो आला की गप्प व्हायच्या. ढोलकीवाला चंपत, जो जिनिंगमधून सुटला की रोज चहाला यायचा, तो आठवडाभर फिरकला नव्हता. परवा शेजारच्या पोरांनी एकाला चादरीखाली निजवलं होतं आणि बाबाराव दिसताच चादरीसकट सगळे पळाले होते. त्याला वाटलं होतं, दुखवट्याच्या दिवसांत लोक मान राखतायत. ते मानच राखत होते. पण कशाचा मान, हे त्याला आत्ता कळत होतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

चूक कोणाची? बाबाराव मंडल कचेरीत कारकून. दिवसभर साहेबाला अदबीनं गारू गारू करत तेलुगूत नोंदी उतरवायच्या, आणि संध्याकाळी मराठीत गाणी रचायची. त्याच्या गायन पार्टीचा रिवाज जिल्ह्यातल्या सगळ्या पार्ट्यांचाच. शब्द आपले, चाल पिक्चरची. प्राथमिक शाळेत शिकवणारा दौलत मास्तर पेटीवर, चंपत ढोलकीवर, पंचफुला आणि दोघी कोरसला. कधी काळी बाबारावानं विचारलं होतं, “मास्तर, आपल्या बाबासाहेबाच्या गान्याले आपली स्वताची चाल काऊन नाई?” दौलत पेटीचा भाता न थांबवता म्हणाला होता, “नवी चाल शिकाले दिवसभर राबलेल्या मानसाजवळ टाइम कोठी हाय? पिच्चरची चाल त्याच्या कानात आधीच बसून राह्यते. आपल्याले निस्ते शब्द चढवाचे हायत. चाल म्हंजे बैलबंडी समज. कोनाची हाय हे पाहू नको, ओझं ओढते का ते पाह्य.” दौलतचा एकच नियम होता आणि तो त्यानं बाराखडीसारखा घोकून घेतला होता. पडद्यावर पाहिल्याशिवाय चाल उचलायची नाही. कॅसेट आधी येते, पिक्चर मागून येतो, आणि आदिलाबादला तर तेलुगू पिक्चर सरल्यावर, उष्टा होऊन येतो. कॅसेटवर ऐकून चाल घ्यावी आणि पडद्यावर त्याच चालीवर हिरॉईन न्हाताना दिसावी, मग भरल्या सभेत कोणत्या तोंडानं गायचं? असं एकदा मंचेरियलच्या एका पार्टीचं झालं होतं. लोकांनी त्यांना सभेतच शिट्ट्या मारल्या होत्या. तेव्हापासून हा नियम.

निळ्या कव्हरची ती कॅसेट नांदेडहून आली तेव्हा पंचफुला चालती-बोलती होती. पिक्चरचं नाव घ्यायची बाबारावाला आता किळस येते. संगीतावरचा पिक्चर, गाण्यांचा पिक्चर, म्हणून त्याची केवढी जाहिरात झाली होती. चौघं टेपरेकॉर्डरभोवती बसले आणि दौलतनं नेहमीसारखं एकेक गाणं सोलायला घेतलं. पहिलं गाणं म्हणजे नुसता डबडा. ढोल, ताशे, पिपाण्या, शंभर व्हायोलिनं, आणि त्या गोंधळात गाणारा बिचारा बाजारात हरवल्यासारखा ओरडतोय. दुसऱ्याचा मुखडा असा की ऐकताच मान डोलावी, पण अंतरा आला की संगीतकाराचं डोकं रिकामं, तोच मुखडा उलटा करून पुन्हा विकलेला. तिसरं कुठल्या तरी परक्या मुलखातून उचललेलं. दौलत म्हणाला, “हे पाय आपल्या इकडले नोयत, याच्या अंगावर आपली धोती कशी बसन?” चौथ्यात कव्वाली, लांबच लांब, टाळ्याच टाळ्या. पाचव्यात बाईचा सूर इतका वर नेऊन ठेवलेला, की वस्तीतल्या बाईनं म्हटला तर नरडं फाटावं. पंचफुला हसत म्हणाली, “मी म्हनून पाहू का?” आणि तिनं म्हटला. वरचा सूर न फाटता, न थरथरता, चुलीजवळ बसून, एका हातानं भाकर थापत म्हटला. चंपत म्हणाला, “वैनी, तुमी मुंबईले जा, इकडं भाकरी आमी थापू.” “तुमच्या भाकरी खाईन कोन?” ती म्हणाली.

मग शेवटचं गाणं लागलं. लहानसं, कव्हरवर कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं. व्हायोलिनं नाहीत, ताशे नाहीत. बासरी, ढोलकी आणि एक बाई. शब्द हिंदी, साधे, कोणी गेल्याचे. पहिली ओळ संपली की चाल थांबायची. तुटायची नाही, थांबायची, कोणीतरी उत्तर देईल म्हणून वाट पाहावी तशी. त्या थांब्यात ढोलकीची एकच थाप. सगळ्या कॅसेटमध्ये संगीतकारानं काही भरलं नाही अशी ती एकच जागा होती, आणि तीच जागा भरलेली वाटत होती. दौलतनं ते मागं नेऊन पुन्हा लावलं. मग म्हणाला, “या मानसाच्या घरी कोनीतरी मेलं असन. त्याबिगर असं थांबता येत नाई.” पंचफुला भाकर तव्यावर टाकून ऐकत होती आणि लुगड्याच्या काठाखाली तिच्या पायाचा अंगठा हलत होता. ती ठेका तसाच धरायची. कोरसला मागं बसून, टाळी न वाजवता, अंगठ्यानं. तिचा अंगठा बाजूला झुकलेला होता, शेजारच्या बोटातल्या जोडव्यावर आपटायचा आणि बारीक किण्ण वाजायचं. माईकमध्ये कधी आलं नाही ते. पण बाबाराव त्या किण्णवरच गायचा, चंपतच्या ढोलकीवर नव्हे. चंपतला हे आजही माहीत नाही.

महिन्याभरात ती तापानं गेली. ताप डोक्यात चढला आणि ती माणसं ओळखेनाशी झाली, एवढंच. बायका रडत होत्या म्हणून अंगठे बांधायचं काम बाबारावानं केलं. मेलेल्या माणसाच्या पायाचे दोन्ही अंगठे एकत्र बांधतात, पाय फाकू नयेत म्हणून. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून तो गाठ मारत होता आणि त्याच्या मनात आलं, मी हिचा ठेका बांधून टाकतोय. गाठ सैल मारली त्यानं. कोणी पाहिलं नाही. आणि त्या मुंबईच्या हरामखोरांना एवढंही माहीत नाही, बाबाराव भर रस्त्यात थबकून स्वतःशी मोठ्यानं म्हणाला, की मढ्याचे अंगठे बांधलेले असतात! खोटं मढं करायचं तर निदान ते तरी नीट करा. कोट्यवधींचा सेट लावता, हजार दिवे लावता, आणि एक चिंधी मिळत नाही तुम्हाला? चहाच्या टपरीवरच्या दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे चालू लागला.

जलदानाच्या, म्हणजे मयतीनंतरच्या विधीच्या, आदल्या दिवशी त्यानं त्या शेवटच्या गाण्याच्या चालीवर शब्द रचले होते. दौलत म्हणाला होता, “नियम?” बाबाराव म्हणाला होता, “मेली ती माझी बायको हाय, नियम तुझा तुझ्याजवळ ठेव.” शब्द असे होते:

*घर झाडून ठेवलं, अंगण सारवून ठेवलं…*

आणि मग थांबा. इथं पंचफुलानं कोरसची ओळ उचलायची असती. ती नव्हती, म्हणून ती जागा मोकळी सोडली. मग:

*कोण्या वाटेनं गेली बाई, दार उघडं ठेवलं.*

सभा त्या मोकळ्या जागेत रडली होती, ओळींवर नाही. नंतर ते गाणं उटनूरला गेलं, बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या क्वार्टरांत गेलं, कोणाच्याही मयतीनंतर लोक म्हणू लागले. आणि आता वर्षभरानं, थेटरात, त्याच मोकळ्या जागेत एक उघडा अंगठा येऊन बसला होता.

घरी द्वारकाबाई ओट्यावर पाय लांब करून जवारी निवडत होती. ती त्याच्या मामाची बायको, म्हणून सासू झाल्यावरही मामीच. जन्मभर कापूस वेचून तिचे गुडघे गेले होते, मांडी घालता येत नव्हती. ती तेच गाणं गुणगुणत होती. तिला सुरांची चढ-उतार धड जमत नव्हती, पण थांब्याशी अचूक थांबायची.

“कोठी गेल्ते बाबाराव? जेवले बी नाई.”

“इथंच. बाजारात.”

“तोंड काऊन असं झालं? ऊन लागलं का?”

“हां.”

“उद्या ते गानं म्हनसान ना? म्या तेवढ्यासाठीच आली. मले तिचा चेहरा आता धड आठवत नाई, बाबाराव. फोटोतली कोनी दुसरीच वाटते. पन ते गानं चालू झालं का नाई, तुमी थांबता ना मधात, तवा ती दिसते मले. तेवढ्यापुरती. मंग जाते.”

बाबाराव आत गेला आणि माठातलं पाणी प्याला, पुन्हा प्याला. मामी, त्या थांब्यात मला आज काय दिसलं ते तुम्हाला सांगू? तुमची लेक येऊन बसायची तिथं आता कोण येऊन बसलंय ते सांगू? तुम्ही जन्मात थेटर पाहिलं नाही हे किती बरं आहे. तुम्ही एकट्याच आहात या वस्तीत, ज्यांच्या कानात ते गाणं अजून धुतलेलं आहे.

ऊन कलताना तो दौलतकडे गेला. दौलतच्या ओट्यावर पेटी उघडीच होती, जणू तो वाट पाहत होता. बाबाराव काही बोलायच्या आधीच दौलत म्हणाला, “पाहून आला?”

“तुले ठावूक होतं.”

“पयल्याच दिवशी पाह्यला म्या.”

“मंग सांगितलं काऊन नाई, साल्या?”

“काय सांगू? का तुया बायकोच्या गान्यावर लोक पैसे फेकून राह्यले म्हनून सांगू?” दौलतचा आवाज चिरकला. “माहा नियम मोडला तू. तवा बोललो असतो तं तू मले मारलं असतं.”

“आता मारतो.”

“मार.”

कोणी कोणाला मारलं नाही. दौलतनं पेटी ओढली. त्यानं दुसऱ्या दोन चाली काढून ठेवल्या होत्या, जुन्या, कोणालाच पिक्चर न आठवणाऱ्या. बाबारावाचे शब्द त्यांच्यावर चढवून पाहिले. पहिलीवर ते पाळण्याचं गाणं झालं. दुसरीवर लग्नाचं. ‘दार उघडं ठेवलं’ म्हटलं की वरात येतेय असं वाटायचं. थांबा कुठंच नव्हता. बाबारावानं पेटीच्या पट्ट्यांवर हात आपटला, सगळे सूर एकदम भोकांड पसरल्यासारखे वाजले.

“मी हसलो, मास्तर,” तो म्हणाला. “लोकाइचं जाऊ दे. मी हसलो.”

दौलतनं भाता सोडला. मग तो म्हणाला, “ऐक. त्या संगीतकाराची काई चूक नाई. त्याले सांगितलं असन, खोटं रडाचं हाय, पन चाल खरी पाह्यजे. चाल खरी नसती तं अंगठ्यावर कोनी हसलं नसतं. बाकीच्या पाच गान्यावर तो अंगठा हालव बरं, कोनाच्या बापाले हसू येते का पाह्य. या एकाच गान्यात जीव होता, म्हनून याचाच मुडदा पाडला. तू त्याच जीवावर रडला, अन् त्याच जीवावर हसला.”

बाबारावाला हे पटलं, आणि पटल्यामुळे अजून राग आला. गाण्याची जी ताकद तीच त्याची खोड असेल, तर माणसानं काय उचलावं आणि काय टाकावं? आपलं दुःख एवढं भिकारी का, की त्याला अंगावर घालायला दुसऱ्याचा झगा लागतो, आणि तो झगा मागून तमाशातल्या सोंगाड्याचा निघतो? तो उठला. “उद्या गाऊ नको,” म्हणाला. “मामीले मी सांगतो, पेटी बिघडली म्हनून.”

“तूच सांग,” दौलत म्हणाला. “मले त्या म्हातारीशी खोटं बोलता येत नाई.”

सकाळी अंगणात मंडप, सतरंजी, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी पंचफुलाचा फोटो. मेणबत्त्या लागल्या, पंचशील झालं. वस्ती सगळी आली होती, पांढऱ्या कपड्यात. चंपत ढोलकी घेऊन कोपऱ्यात बसला होता, बाबारावाच्या नजरेला नजर देत नव्हता. दोन गाणी झाली, बाबासाहेबांची. मग द्वारकाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, “बाबाराव, आता माह्या पोरीचं म्हना.”

पेटी बिघडली म्हणायला पेटी वाजत होती. घसा बसला म्हणायला त्यानं आत्ताच गायलं होतं. बाबारावानं म्हातारीकडे पाहिलं. सगळ्यांत पुढे, गुडघ्यांमुळे पाय सरळ पसरून ती बसली होती, फोटोकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत, एसटीची वाट पाहावी तशी. त्यानं दौलतकडे मान हलवली. दौलतनं सूर धरला.

आणि तेव्हा बाबारावाला ते दिसलं. पहिला सूर निघताच सतरंजीवर बारीक हालचाल सुरू झाली. बायकांनी पाय पोटाशी घेतले आणि लुगड्याचा काठ ओढून झाकले. म्हाताऱ्यांनी धोतराचा सोगा पायांवर टाकला. दौलतच्या शाळेतल्या मास्तर लोकांनी मांडी आवळली. एका बाईनं मांडीवरच्या लेकराचं पाऊल मुठीत घट्ट धरलं. चंपतनं ढोलकीच आडवी ओढली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या मंडपात एकाही माणसाचा अंगठा दिसत नव्हता. सगळे खाली माना घालून, ओठ आवळून, त्या थांब्याची वाट पाहत बसले होते, अंगावर दगड येणार असल्यासारखे.

*घर झाडून ठेवलं, अंगण सारवून ठेवलं…*

बाबाराव थांबला.

म्हातारीचे पाय तेवढे उघडे होते. टाचा भेगाळलेल्या, नखं काळी पडलेली, आणि उजव्या पायाचा अंगठा बाजूला झुकलेला. त्याच्या इतके दिवस लक्षात कसं आलं नाही! तोच अंगठा. तो हलला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि थापेबरोबर शेजारच्या बोटावर आपटला. त्या बोटात जोडवी नव्हती. विधवेच्या पायात कुठून असणार. म्हातारीचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर कोणाला तरी बघत असल्याचा भाव होता.

सगळ्यांनी पाहिलं. कोणी हसलं नाही.

पुढची ओळ बाबारावाला उचलायची होती. दौलतनं पेटीवर ती जागा दोनदा वाजवून दाखवली, मग तिसऱ्यांदा. बाबाराव ऐकत होता. अंगठा परत परत आपटत होता, कोरड्या कातड्याचा कोरड्या कातड्यावर आवाज, आणि तो वाट पाहत होता त्यात कुठं तरी बारीक किण्ण येईल याची. ते आलं नाही. त्यानं तोंड उघडलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याला ओळ आठवेना.

“म्हना ना बाबाराव,” म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. “ती गेली पाहा.”